खाडीतला जिताडा, तळ्यातला जिताडा

खारघर, कामोठे, बेलापूर, उरण या पट्ट्यात गळ टाकणारी दोन माणसं भेटली की बोलणं फार वेळ दुसरीकडे रेंगाळत नाही, जिताड्यावर येतं. आणि जिताड्यावर आलं की एक वाद ठरलेला असतो. मोठा जिताडा धरायचा तर खाडीवर जावं की राखलेल्या तळ्यावर? खाडीवाल्याचं म्हणणं, तळ्यातला मासा म्हणजे पाळलेलं जनावर, त्याला गळाला लावण्यात कसब ते काय! तळेवाल्याचं म्हणणं, खाडीत आता उरलंय काय, रात्र घालवून हाताला लागतात त्या शिंगाळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या. हे पुस्तक या वादाचा नीट विचार करायला बसलं आहे. गळ, दोर, आमिष, भरती-ओहोटीची वेळ, तळ्याची खोली, बीज, खाद्य यांची माहिती पुढच्या प्रकरणांत सविस्तर आली आहे, तिची उजळणी मी इथे करत नाही. ते सगळं वाचण्याआधी वाचकाच्या मनात एक गोष्ट पक्की असावी एवढ्याचसाठी ही प्रस्तावना.

ती गोष्ट अशी. तळ्यातला मोठा जिताडा ही राखणाऱ्याची कमाई असते. खाडीतला मोठा जिताडा ही अख्ख्या खाडीची पुंजी असते, आणि बहुतेक वेळा ती मादी असते. वजनकाट्यावर दोघांचा आकडा सारखा भरला तरी त्यांची किंमत सारखी नसते.

आधी मासा. बाजारात बर्फावर पडलेला जिताडा बघून त्याची कल्पना येत नाही, जिवंत हातात यावा लागतो. डोकं निमुळतं, कपाळाशी खोलगट, आणि तिथून पाठ एकदम वर चढलेली. खालचा जबडा वरच्याच्या पुढे. तोंड पसरलं की मूठ आत जाईल एवढं, पण दात म्हणावेत असे नाहीत. जबड्यावर बारीक खरखरीत पट्टा असतो, त्यावरून ओला अंगठा फिरवला तर कातडी कानशीने घासावी तशी निघते. खरी धार असते कल्ल्याच्या झाकणाला. नवखा माणूस मासा उचलायला कल्ल्यात बोटं घालतो आणि हात चिरून घेतो. दोरही तिथेच कापला जातो, म्हणून जाणते लोक गळाच्या वर हातभर जाड दोर बांधतात. रात्री बॅटरीचा झोत पडला तर डोळा तांबूस-सोनेरी चमकतो. शिकार करताना तो पाठलाग कमी करतो, दबा जास्त धरतो. पुलाच्या खांबाची सावली, बुडालेलं झाड, बांधातल्या उघाडीचं तोंड अशा आडोशाला थांबायचं, कोळंबी किंवा बोय टप्प्यात आली की जबडा एकदम उघडायचा आणि पाण्यासकट तिला आत ओढायचं. त्या क्षणी पाण्यावर ‘भप्प’ असा जाड आवाज होतो. अंधारात तो एकदा कानावर पडला की माणसाचं पाऊल खाडीवरून निघत नाही.

आपल्याकडचा जिताडा तोच बंगालची भेटकी आणि तोच ऑस्ट्रेलियाची बारामुंडी. शास्त्रात त्याला लेट्स कॅल्करिफर म्हणतात. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, जिथे म्हणून उष्ण समुद्राला चिखलाच्या खाड्या मिळतात तिथे तो आहे. चार-पाच फुटांचा आणि तीस-चाळीस किलोंचा जिताडा ही दंतकथा नव्हे. या जातीची कमाल नोंद ६० किलोंपर्यंत जाते.

आता या पुस्तकाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बाब. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. त्यापुढे जगला-वाचला, सहा-आठ वर्षांचा झाला, अडीच-तीन फुटांच्या पुढे गेला, की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा धरला की बहुधा मादीच धरली जाते. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, आणि ही वाढ सरळ हिशेबाची नसते. एका मोठ्या मादीच्या पोटात कोटीच्या घरातली अंडी असू शकतात, लहान माद्या कितीही मोजल्या तरी तिची बरोबरी सहज होत नाही. खाडीत माद्या राहिल्या नाहीत अशी तक्रार कुणी केली तर तिचा अर्थ इतकाच की जिताड्यांना आपण म्हातारं होऊ देत नाही.

ही अंडी गोड्या पाण्यात घातली जात नाहीत. त्यासाठी खाडीचं तोंड लागतं, जवळजवळ समुद्राइतकं खारं पाणी लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, संध्याकाळ उलटल्यावर, चढत्या भरतीवर नर-मादी अंडी आणि वीर्य पाण्यात सोडतात. अंडी तरंगत भरतीबरोबर आत येतात आणि पाऊण दिवसाच्या आत फुटतात. पिल्लं तिवरांच्या मुळांत आसरा घेतात, उधाणाच्या पाण्यावर खाजणात शिरतात, पुढे पावसाच्या गोड्या पाण्याचा माग काढत ओढ्यांत, भातखाचरांच्या चरांत चढतात. गोड्या पाण्यात वाढतात, मोठी झाली की पुन्हा खाऱ्याकडे उतरतात. कोकण किनाऱ्यावर हा सगळा खेळ पावसाळ्याशी बांधलेला आहे. समुद्रापासून शेताच्या बांधापर्यंत जिताड्याचा हा रस्ता कुठेही तुटला तरी पुढची साखळी उभी राहत नाही.

आणि पनवेलच्या खाडीला हा रस्ता फार ठिकाणी तुटला आहे. खारघरच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. पांडवकड्याच्या धबधब्यावरून उतरलेलं पाणी ओढ्या-नाल्यांनी अखेर खाडीलाच मिळतं. ओवे, मुर्बी, पेठ, कोपरा, बेलपाडा या गावांची शेती या दोन टोकांच्या मध्ये होती, आणि तिच्या कडेला खाजणं होती. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेण्याचं ठरलं, आणि पुढच्या काही दशकांत ही खाजणं भरावाखाली गेली. माझ्यासारखे हजारो लोक त्याच भरावावर उभ्या असलेल्या इमारतींत राहतात. शहर नको होतं असं मी म्हणत नाही. पण भातखाचराचा चर बुजला तेव्हा जिताड्याच्या पिल्लाची खोली गेली, हे नोंदवलं पाहिजे. ते कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं सापडत नाही.

उरलेल्या ओढ्यांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. कासाडी नदी तळोजा औद्योगिक वसाहतीच्या अंगाने येऊन पनवेलच्या खाडीला मिळते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगात रंगलेले कुत्रे दिसले तेव्हा तिचं नाव देशभर पोचलं, आणि तिच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मोठा मासा अशा पाण्यातून निघून जाऊ शकतो, बोटाएवढं पिल्लू जाऊ शकत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. जमेच्या बाजूलाही काही आहे. कांदळवनासाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष उभा केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडण्यावर सबंध राज्यात कडक बंदी घातली. कोपरा-बेलपाड्याच्या कडेने आज जी तिवरं उभी दिसतात त्यांचा जीव अशा निर्णयांवर टिकून आहे. आणि खाडीत जो काही जिताडा आहे तो त्या तिवरांवर.

आता तळं. शहरी गळवाल्यांना वाटतं की राखलेलं तळं म्हणजे कर्जत-खालापूरकडे फार्महाऊस झाले तेव्हापासूनची टूम. तसं अजिबात नाही. रायगडात जिताड्याचं तळं ही जुनी आणि अस्सल स्थानिक विद्या आहे, आणि तिचं माहेर अलिबाग-पेणच्या मधल्या खारेपाटात. शहापूर, धेरंड ही तिथली गावं जिताड्यासाठी आजही नाव राखून आहेत. खारेपाट म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेली भातजमीन. बाहेरकाठ्याच्या, म्हणजे समुद्राकडच्या बांधाच्या, आत शेत, आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. बांधासाठी, घराच्या जोत्यासाठी माती काढली की खड्डा पडतो, तो पावसाने भरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचं तळं होतं. चरीच्या संपात, १९३३ ते १९३९ अशी सहा-सात वर्षं, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून ज्या कुळांनी जमीन नांगरायला नकार दिला ती हीच माणसं आणि हीच माती. कुळकायद्याच्या इतिहासात खारेपाटाचं नाव मानाने घेतलं जातं. तिथल्या तळ्यांचा इतिहास मात्र कुणी फारसा लिहिला नाही, म्हणून त्यावर इथे थोडं थांबतो.

पावसाळा लागला, उधाणाचं पाणी उघाडीतून आत-बाहेर करू लागलं, की तिच्या आतल्या बाजूच्या डबक्यांत जिताड्याची पिल्लं दिसू लागतात. बोटभर लांब, अंगावर तपकिरी डाग, आणि नाकापासून पाठीपर्यंत गेलेला एक फिकट पट्टा. बोय, चिवणी, कोळंबीच्या गर्दीत तो पट्टा ओळखायला सरावलेली नजर लागते. बारीक जाळीने ती उचलायची, पाण्याच्या भांड्यातून घरच्या तळ्यात आणून सोडायची. खाद्य विकत आणायची पद्धत नव्हती. तळ्यात शिरलेली कोळंबी, निवटे, लहान मासे, पुढच्या काळात तिलापी, यांवर जिताडा वाढायचा. दोन-तीन पावसाळे गेले की तो पाहुण्यापुढे मांडण्याजोगा होई. घरात लग्न निघालं, लेक-जावई आले, सण आला, की तळ्यावर जाळं पडायचं. बँकेतल्या ठेवीवर जेवढं लक्ष असतं तेवढंच लक्ष घरातल्या बाईचं त्या तळ्यावर असे, आणि कुठला मासा कधी काढायचा हे बहुधा तीच ठरवी.

या पद्धतीचा एक भाग फार विचार करण्याजोगा आहे. तळ्याचं बीज खाडी देत होती. तळ्यातला जिताडा कितीही मोठा झाला तरी त्याची पुढची पिढी त्या तळ्यात होत नाही, कारण अंड्यांना लागणारं खारं, वाहतं पाणी तिथे नसतं. म्हणजे दर वर्षी पुन्हा खाडीकडेच हात पसरावा लागे. खाडी सुदृढ होती तोवर हे जमलं. खाडीतलं बीज घटलं तसं खारेपाटातली तळीही रिकामी पडू लागली. खाडी आणि तळं यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी हे नातं डोळ्यांपुढे ठेवावं.

त्यावरचा उपाय आला बीजकेंद्रांतून. थायलंडने १९७० च्या दशकात जिताड्याचं बीज बंदिस्त टाक्यांत तयार करून दाखवलं. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेला १९९७ मध्ये ते साधलं. पुढे राजीव गांधी जलजीवपालन केंद्राने तामिळनाडूत व्यापारी प्रमाणावर बीज काढायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रातले शेतकरी तिथून पिल्लं मागवू लागले. आपल्या घराजवळ, पनवेलला, कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती त्याच केंद्राच्या. भातासोबत खाऱ्या शेतातल्या तळ्यांत मासे, त्यातही जिताडा, वाढवण्याचं कामही तिथे झालं. खारघरमधल्या किती जणांनी या केंद्राचं फाटक पाहिलं असेल? ज्यांना तळं करायचं आहे त्यांनी पहिली चक्कर तिकडे मारावी.

बीज विकत मिळालं म्हणजे मोठा मासा मिळाला असं मात्र होत नाही. जिताडा भावंडं खातो. स्वतःच्या निम्म्याहून अधिक लांबीचं पिल्लू तो सहज गिळतो, त्यामुळे लहान वयात दर आठवड्याला पिल्लं मोठी-मध्यम-लहान अशी वेगळी करावी लागतात. हे काम ज्याने टाळलं त्याच्या तळ्यात हंगामाअखेर चार धष्टपुष्ट मासे आणि बाकी नुसतं पाणी उरतं. दुसरी अडचण पहाटेची. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, आणि सूर्य उगवण्याआधीच्या तासाभरात पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. ढगाळ हवेत, गच्च हिरव्या पाण्यात, याच वेळी मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. तळं राखणाऱ्याची झोप म्हणून पहाटे मोडते. लिटरला चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू, पाण्याचा सामू साडेसात ते साडेआठ, वेळच्या वेळी चुना, गाळ काढणं, दाटी न करणं, असं सगळं जमलं तर वर्षभरात मासा किलोच्या आसपास येतो आणि पुढच्या वर्षी त्याची वाढ आणखी वेगाने होते. याला कसब म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? खाडीवाल्यांनी तळेवाल्यांना हिणवू नये, असं मला मनापासून वाटतं.

तळ्यात जिताड्याबरोबर तिलापी ठेवण्यामागेही चांगला विचार आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली ही मासळी इतक्या वेगाने वाढते की थोड्याच दिवसांत तळं तळहाताएवढ्या खुरट्या माशांनी भरून जातं. जिताडा त्यातली पिल्लं खातो, त्याचं पोट भरतं, आणि उरलेल्या तिलापींना वाढायला जागा मिळते. अमेरिकेत ॲलाबामा राज्यातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी गेल्या शतकाच्या मध्याला हाच हिशेब शेततळ्यांसाठी मांडला. तिकडे शिकारी मासा होता बास आणि त्याचं भक्ष्य होता ब्लूगिल.

त्या ब्लूगिलचा एक चुलतभाऊ या वादावर उजेड टाकतो, म्हणून त्याची हकीगत सांगतो. त्याचं नाव रेडइअर सनफिश. कल्ल्याच्या मागे लाल कडेचा ठिपका असलेला, साधारण वीतभर वाढणारा मासा. घशातल्या चपट्या दातांनी तो गोगलगायी आणि शिंपले फोडून खातो. तिकडचे गळवालेही हाच प्रश्न विचारतात, मोठा रेडइअर सार्वजनिक तलावात की राखलेल्या तळ्यात? तळेवाला ब्लूगिलला गोळीखाद्य घालून वाढवू शकतो, रेडइअर मात्र गोळीला सहसा तोंड लावत नाही. त्याला शिंपलेच हवेत, आणि छोट्या तळ्यात ते लवकर संपतात. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवरच्या पार्कर धरणामुळे हावासू नावाचा मोठा जलाशय झाला आहे. २००७ मध्ये तिथे क्वागा नावाचे परदेशी शिंपले सापडले. पाण्याच्या नळांना, होड्यांना त्यांनी हैराण केलं, पण रेडइअरला जेवणाचं ताट वाढून दिलं. २०१४ मध्ये तिथे अडीच किलोंहून जास्त वजनाचा रेडइअर निघाला, २०२१ मध्ये त्याहूनही मोठा. वीतभर माशाच्या मानाने हे वजन थक्क करणारं आहे. तिथे सार्वजनिक पाणी जिंकलं.

बारामुंडीच्या, म्हणजे आपल्या जिताड्याच्या, बाबतीत नेमकं उलट झालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने धरणांत बीजकेंद्रातली पिल्लं सोडायला सुरुवात केली. गोड्या पाण्यात ती वीण करत नाहीत, म्हणून सगळी ताकद अंगात जाते, आणि खायला लहान मासे मुबलक. गळाने धरलेल्या बारामुंडीचा जागतिक विक्रम ४४.६४ किलोंचा आहे, आणि तो मासा २०१० मध्ये नदीच्या मुखाशी मिळालेला नाही, मंडुरन नावाच्या अशाच राखलेल्या धरणात मिळाला. जिताडा जे खातो ते माणसाला पुरवता येतं, रेडइअर जे खातो ते सहसा येत नाही. मोठा मासा कुठल्या पाण्यात मिळेल याचं उत्तर पाणी सरकारी की खाजगी यावर ठरत नाही, त्या माशाच्या पोटाला काय लागतं यावर ठरतं.

क्वीन्सलँडचा एक नियम मला त्याहून मोलाचा वाटतो. तिथे नदी-खाडीतून ५८ सेंटिमीटरहून लहान बारामुंडी घ्यायची नाही, हे कुणालाही सुचेल. पण १२० सेंटिमीटरहून मोठीही घ्यायची नाही. मोठ्या माद्या अंड्यांसाठी राखलेल्या आहेत. ठरावीक धरणांत मात्र, जिथे वीण होतच नाही, मोठा मासा घेण्याची मुभा आहे. शिवाय विणीच्या महिन्यांत बंदी वेगळी. खाडी आणि तळं यांच्यातला फरक ओळखून केलेला हा कायदा आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, हे चांगलंच झालं. त्यामागचा विचार पिल्लं वाचवण्याचा आहे. जिताड्यासारख्या, वाढत्या वयात मादी होणाऱ्या माशाला वरचीही मर्यादा लागते, आणि ती मागणी आता कोकणातूनच उठायला हवी.

गावातल्या आणि शहरातल्या सार्वजनिक तलावांचं काय, असा प्रश्न वाचक विचारेल. पनवेलचं वडाळे तळं आहे, मुंबईत १८९१ च्या सुमाराचा पवई तलाव आहे. पवईला गळवाल्यांची संघटना फार जुनी, तिच्या शिस्तीत अनेक जण गळ टाकायला शिकले. तिथे मजा कटला, रोहू, मृगळाची. जिताडा अशा तलावांत सोडावा का? माझं मत स्पष्ट आहे, सोडू नये. तो खादाड शिकारी आहे, आणि उघड्या तलावाचं पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून नदीत जातं. नेरळच्या सगुणा बागेसारख्या ठिकाणी, जिथे पाणी बंदिस्त आहे आणि राखणारा माणूस जागेवर आहे, तिथे गळाची हौस भागवावी, मुलांना शिकवावं. पण सह्याद्रीतल्या धरणांत आणि नद्यांत आधीच पुष्कळ परके मासे घुसवून झाले आहेत. ज्या थाई मागूरवर देशात बंदी आहे तो आपल्याच जिल्ह्याशेजारच्या तळ्यांतून पकडून नष्ट करायची वेळ सरकारवर आली. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्या खुद्रीची, म्हणजे महसीरची, शास्त्रीय नोंद केली, तिला वाचवण्यासाठी लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून बीज काढावं लागत आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी त्या कामात आयुष्याची उत्तरवर्षं घातली. अशा पाण्यात गळाच्या गमतीसाठी आणखी एक शिकारी सोडणं मला पटत नाही.

म्हणून हे पुस्तक वाचताना खाडीची आणि तळ्याची प्रकरणं वेगवेगळ्या मनाने वाचावीत. तळ्याच्या प्रकरणात मोठा मासा काढण्याच्या सगळ्या युक्त्या आहेत, त्या बिनदिक्कत वापराव्यात, मासा घरी न्यावा, कोकम घालून त्याचं कालवण करावं. तो मासा तिथे त्याचसाठी वाढवलेला असतो आणि पुढचं बीज टाकीतून येणार असतं. खाडीच्या प्रकरणातल्या युक्त्या वापरताना हाताला लगाम हवा. हे मी पोटासाठी खाडीत उतरणाऱ्या कोळी-आगरी बांधवांना सांगत नाही. त्यांची बोकशी आणि पाग ही जाळी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर चालत आली, आणि खाडी त्यांनी बिघडवलेली नाही. हे सांगणं माझ्यासारख्या हौशी लोकांना आहे, ज्यांचा संसार त्या माशावर अवलंबून नाही आणि ज्यांच्या हातातली रॉड कधीकधी कोळ्याच्या होडीच्या हप्त्याहून महाग असते.

तेव्हा वाचकहो, पनवेलच्या खाडीत, बेलापूरच्या पुलाखाली किंवा उरणच्या तोंडाशी अडीच फुटांच्या वरचा जिताडा तुमच्या गळाला लागला तर तो परत सोडा. गळाची उलटी नांगी घरूनच पक्कडीने दाबून आणा. मासा शक्यतो पाण्यातच ठेवा, हात ओले करून धरा, जबड्याला टांगून उचलू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. फोटो एकच काढा. मग तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःच्या ताकदीने निघेपर्यंत आधार द्या. जून ते ऑगस्ट या महिन्यांत, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणावर, खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी गळच टाकू नका. त्या दिवसांत तळ्यावर जा.